बोलपाटीचा दुसरा माणूस

“तुमचा तो दुसरा माणूस कोण आहे गं?” फिरदोसनं फोनवर विचारलं. हॅलो नाही, कशी आहेस नाही, काही नाही.

मी चहा गाळत होते. “कुठला दुसरा माणूस?”

“तूच सांगितलं होतंस ना, की बोलपाटीत एकटं कुणी काही बदलत नाही म्हणून? दोघं बघतात आणि मगच ते आमच्या फोनवर येतं. मग परवा जे आलं ते दोघांनी बघितलं होतं का?”

फिरदोस सय्यद माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. जालन्याला तिचं सेंटर आहे, अर्धांगवायूनं नाहीतर अपघातानं ज्यांची वाचा गेलीय त्यांच्यासाठी. ती सहसा रागावत नाही, आणि रागावली की आवाज चढवत नाही, उलट हळू बोलते. त्या सकाळी ती फारच हळू बोलत होती.

“अगं, झालं काय ते तरी सांगशील?”

“गवळीकाका आहेत ना आमचे, रिक्षा चालवायचे ते. आमची बाई त्यांच्या मागे उभी राहून खांद्याचा व्यायाम घेत होती. त्यांना दुखायला लागलं. त्यांनी बोलपाटीवर ‘दुखतंय’ दाबलं. आवाज आला नाही. परत दाबलं. मग ‘थांबा’ दाबलं. तेही गप्प. ती बिचारी आपली हात वर वर नेतेय, कारण पाटी बोलत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं आम्हीच तिला शिकवलंय. खांदा सुजलाय त्यांचा. रडत होते गं ते.”

चहा कपाबाहेर सांडत होता ते मला उशिरा दिसलं.

“मी आत्ता बघते,” मी म्हटलं. “तासाभरात जुनं परत आणते.”

“आण. पण मी सगळ्या फोनवरून तुझी पाटी काढून टाकलीय. काय बिघडलं, कसं दुरुस्त केलंस ते मला नको सांगूस, मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. दोघं खरंच बघतात की नाही, एवढं विचारून सांग. मग ठेवते परत.”

“आणि तोपर्यंत तुझे पेशंट?”

“तोपर्यंत गप्प बसतील. आधी बसायचेच की.”

आणि तिनं फोन ठेवला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी सदतीस वर्षांची होते, पुण्यात धायरीला एकटी राहायचे आणि घरूनच एका कंपनीचं काम करायचे. बोलपाटी हा माझा पोटापाण्याबाहेरचा उद्योग. फोनवर उघडणारं एक साधं पान. त्यात चित्रांच्या चौकटी: पाणी, भूक, संडास, पंखा, आणि खाली लाल रंगाची ओळ, ‘दुखतंय’, ‘थांबा’, ‘नको’. चौकटीला बोट लागलं की फोन मराठीत बोलतो. वेबसाइटच्या मागे जो मोठा कारखाना असतो तो हिच्यामागे नव्हताच. डोळ्यांना दिसतं आणि बोटाला लागतं तेवढंच सगळं काम. हे मी ओपन सोर्स ठेवलं होतं, म्हणजे सगळा कोड एका साइटवर उघडा. कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्ती पाठवावी. ऐकायला फार थोर वाटतं. प्रत्यक्षात पहिले कित्येक महिने तिकडे चिटपाखरू फिरकलं नाही. मीच चुका करायचे आणि मीच निस्तरायचे.

मग निखिलेश करंडे उगवला. बार्शीचा. तोही घरून काम करणारा. पहिल्याच निरोपात त्यानं माझ्या चुकांची माळ लावली. मला राग आला, आणि तो बरोबर होता म्हणून आणखी आला. त्यानंच सगळ्याला शिस्त लावली. कुठली फाइल कुठे ठेवायची, काय कधी तपासायचं, सगळं. आणि नियम घातला तोही त्यानंच: बदल कुणाचाही असो, दुसऱ्यानं बघून हिरवं बटण दाबल्याशिवाय तो लोकांच्या फोनवर जाणार नाही. मी संगणकावर बघायचं, त्यानं जुन्या फोनवर. कारण पेशंटच्या हाती कोण नवा फोन देतंय? घरात सगळ्यांचा वापरून झालेला, काच तडकलेला फोन त्यांच्या वाट्याला येतो. तसला एक जुना फोन मी मुद्दाम मिळवून त्याला कुरियरनं पाठवला होता. त्याच्यावर सगळ्या चौकटी दाबून झाल्या की तो हिरवं बटण दाबायचा आणि लिहायचा, “चालेल.” एवढंच. दोन वर्षं नुसतं “चालेल.” ना कधी फोन, ना फोटो. या कामात अशी माणसं असतात. वर्षानुवर्षं एकमेकांचं लिहिलेलं वाचतात आणि रस्त्यात धडकली तर ओळखणार नाहीत.

मग कधीतरी तो बदलला.

एक दिवस “चालेल”च्या जागी आलं, “छान झालंय.” मी दोनदा वाचलं. पुढच्या खेपेला, “छान झालंय. किती काम करतेस.” एकदा मला ताप होता आणि तसं मी बदलाच्या खाली सहज लिहिलं होतं, तर उत्तर आलं, “आधी मऊ भात खाऊन झोप. हे कुठं पळून जात नाही.” नंतर नंतर तर बटणाबरोबर “जेवलीस का?” हे ठरलेलंच. मीही लिहायला लागले. “हो, आज वांग्याचं भरीत.” तिकडून, “त्यात थोडं कूट घालून बघ.” आणि हे सगळं उघड्यावर बरं का, जगात कुणालाही वाचता येईल अशा जागी. पण वाचणार कोण?

आता लिहूनच टाकते एकदाचं. मला तो आवडायला लागला होता. हसू नका. ‘जेवलीस का’ असं मला विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. आईवडील गेलेले. भाऊ नागपूरला त्याच्या संसारात. दिवसभर ऑफिसच्या मीटिंगा, त्यात मी म्हणजे माझं नाव लिहिलेला एक काळा चौकोन. संध्याकाळ झाली की मी बोलपाटीत काहीतरी बारीकसारीक बदल करायचे. कधीकधी गरज नसायची. चौकटीचा कोपरा जरा गोल कर, रंग जरा गडद कर. कारण बदल पाठवला की त्याचं उत्तर यायचं.

तर फिरदोसचा फोन ठेवला आणि मी आधी पाटी जुन्या स्थितीत आणली. मग बिघाड शोधला. लाल ओळीत एका बाहेरच्या माणसानं सुधारणा पाठवली होती. नव्या फोनवर ठणठणीत चालत होती, संगणकावर चालत होती, जुन्या फोनवर मात्र ती ओळ मुकी झाली होती. नेमकं हेच पकडायला तर तो फोन बार्शीला होता. मी खाली त्याचा होकार बघितला. हिरवी खूण, आणि शेजारी, “बघितलं. लाल रंग उठून दिसतोय. ऊन फार आहे, पाणी पीत जा.”

डोक्यात तिडीक गेली. मी लिहिलं, “तुम्ही हे जुन्या फोनवर तपासलं होतं का? एका माणसाला इजा झालीय. खरं सांगा.”

उत्तर नाही. एरवी तासाभरात यायचं. दुसऱ्या दिवशीही नाही. मी परत लिहिलं, तरी नाही. इकडे फिरदोसचे पेशंट गप्प बसलेले. शनिवार उजाडला तेव्हा मी कुरियरच्या जुन्या पावतीवरचा पत्ता काढला आणि स्वारगेटला जाऊन बार्शीच्या बसमध्ये बसले. वाटेत भांडणाची सगळी वाक्यं पाठ केली. आणि निघण्याआधी दोन कुडते बदलून पाहिले होते तेही सांगून टाकते, उगाच लपवाछपवी कशाला.

घर भगवंत मंदिराच्या मागच्या अंगाला होतं. पहिल्या मजल्यावर, बाहेर लोखंडी जाळीचं दार. बेल वाजवली. साठीच्या पुढच्या एका बाईंनी दार उघडलं. अंगानं बारीक, केस घट्ट बांधलेले, हाताला शेंगदाण्याचं कूट लागलेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

“निखिलेश करंडे इथंच राहतात ना?”

“तू वैजयंती,” त्या म्हणाल्या.

“हो. तुम्हाला कसं…”

“फोटो असतो की तुझा, नावाशेजारी. आत ये. ऊन काय मी म्हणतंय! पाणी पी आधी.”

मी आत गेले. त्या निखिलेशच्या आई, शालनकाकू. भिंतीवर त्यांच्या यजमानांचा हार घातलेला फोटो, कोपऱ्यात टेबलावर क्रोशाच्या रुमालानं झाकलेला जुना संगणक. त्यांनी पाणी दिलं, पंखा वाढवला, खिडकी लोटून घेतली, परत उघडली. त्यांचं काहीतरी बिनसलेलं होतं आणि मला ते कळत नव्हतं. मी आपली डोळे वटारून आतल्या दाराकडे बघतेय, साहेब कधी बाहेर येतात म्हणून.

“काकू, मला त्यांच्याशी थोडं बोलायचंय. महत्त्वाचं आहे. झोपलेत का?”

“तो नाही गं इथं. जर्मनीला असतो.”

“कधी गेले?”

“दीड वर्ष होऊन गेलं की.”

मी मनात मागे मागे गेले. “चालेल” बंद होऊन “छान झालंय” आलं ते तेव्हाच. भरीत, मऊ भात, सगळं त्यानंतरचं.

“मग मला उत्तरं कोण लिहायचं?”

त्यांनी पदराला हात पुसले आणि संगणकावरचा रुमाल काढून घडी घालत बसल्या. घडी झाली, तरी परत उलगडून घातली.

“तुझा तो निरोप आला त्या दिवसापासनं मी हे उघडलंच नाही,” त्या म्हणाल्या. “भीती वाटली. इजा झाली असं लिहिलंस तू. काय झालं गं? माझ्याकडनं काय चुकलं?”

मी पाठ केलेली वाक्यं सगळी तोंडाशी होती, पण ती त्यांच्यासाठी नव्हतीच. आणि तरी मला राग आवरेना. “तुम्हाला ते कळत तरी होतं का, काकू, तुम्ही कशाला होकार देताय ते?”

“नव्हतं कळत.”

“मग दाबलं कशाला बटण?”

“तो गेला ना, तर हे त्याच्या नावानं चालूच ठेवून गेला होता. मला त्याच्याशी बोलता यावं म्हणून. एक दिवस बघते तर टिंग वाजलं. म्हटलं त्याचंच काही असेल. तर लिहिलेलं, वैजयंती डुंबरे तुमच्या होकाराची वाट बघताहेत. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी त्याला फोन केला, म्हटलं, अरे कुणीतरी पोर तुझी वाट बघतीये. तो गडबडीत होता. म्हणाला, अगं आई, त्यात काही नसतं, खाली हिरवं बटण असतं ते दाबून टाक, नाहीतर तिचं काम अडून बसेल. म्हणून दाबलं.”

“आणि ते ‘छान झालंय’?”

“रिकामं कसं पाठवायचं? काहीतरी लिहायला नको का दोन शब्द?” त्या पहिल्यांदा जराशा हसल्या. “मी टायपिस्ट होते गं, पतपेढीच्या कचेरीत. मराठी झरझर येतं मला. आणि तू लगेच लिहिलंस, धन्यवाद, बरं झालं तुम्ही आहात. मला कुणी असं लिहिलं नव्हतं कधी.”

ते वाक्य मी लिहिलं होतं, मला आठवत होतं. निखिलेशला लिहिलं होतं.

“मी बघायचे बरं का सगळं,” त्या घाईघाईनं म्हणाल्या. “नुसतं दाबत नव्हते. सगळी चित्रं बघायची, शब्द वाचायचे. इंग्रजी भानगड असायची ती सोडून द्यायची.”

“आणि जुना फोन? मी कुरियरनं पाठवलेला?”

“तो होय! तो तूच पाठवलेला? त्याच्यावरनं मी गॅसचा नंबर लावते.”

मग मी त्यांना गवळीकाकांचं सांगितलं. सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. लाल ओळ गप्प होती, माणूस दाबत राहिला, बाई हात वर नेत राहिली. काकू आधी उभ्या होत्या, मग खुर्चीचा दांडा धरला, मग हळूच बसल्या.

“म्हणजे तो माणूस ओरडत होता आणि कुणाला ऐकायला गेलं नाही,” त्या म्हणाल्या. “आणि मी इकडे लिहितीये, रंग छान दिसतोय.”

त्यांनी तोंडाला पदर लावला. मला त्यांच्याजवळ जायला हवं होतं. मी गेले नाही. मी माझ्याच दुःखात होते. माझ्या डोळ्यांपुढून एक एक ओळ जात होती आणि प्रत्येक ओळीखालचा माणूस निघून जात होता. दीड वर्ष मी कुणाच्या तरी संगतीत काम करतेय असं समजत होते, आणि तिथं कुणी नव्हतंच.

“लावा त्यांना फोन,” मी म्हटलं.

“आत्ता तिकडे सकाळ असेल. सुट्टीचा उशिरा उठतो.”

“लावा तुम्ही.”

त्यांनी लावला. बराच वेळ वाजला, मग पडद्यावर एक गोरटेला, दाढी राखलेला माणूस आला. डोक्यावर लोकरी टोपी, हातात कॉफी, मागे कुठलीतरी ओली फरशीची वाट. चेहरा अगदीच वेगळा होता. मी मनात जो केला होता तो याहून बराच बरा होता.

“काय गं आई? मी बाहेर आहे, मित्रांबरोबर.”

“अरे, ही वैजयंती आलीये. पुण्याहून.”

मी पडद्यासमोर गेले. “बोलपाटी,” मी म्हटलं.

तो क्षणभर बघत राहिला. “अरे, हाय! बोलपाटी! ते अजून चालू आहे?”

बस. एवढं ऐकायला मी सकाळपासून प्रवास केला होता.

“चालू आहे,” मी म्हटलं. “दीड वर्ष तुमच्या नावानं तुमची आई होकार देतेय. तुम्हीच सांगितलंत म्हणे.”

तो हसायला लागला. “काय सांगताय! आई, तू अजून दाबतेस ते? अगं मी त्या दिवसापुरतं म्हटलं होतं!” मग माझा चेहरा बघून हसू आवरलं. “सॉरी हं. माझ्या डोक्यातूनच गेलं. मला काढून टाका ना त्यातून, काही प्रॉब्लेम नाही.” आणि आईला, “उद्या करतो गं निवांत फोन. नक्की.”

पडदा काळा झाला. काकूंनी फोन पालथा ठेवला.

“असंच म्हणतो,” त्या म्हणाल्या. “कामात असतो फार.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “तू जेवून जा. शेंगाची चटणी केलीये, भाकरी टाकते. पाच मिनिटं.”

“नको काकू. बस आहे.”

“दुसरी असती की नंतर. लांबनं आलीस.”

“नको म्हटलं ना.”

मी फार तुटक बोलले. त्यांनी परत आग्रह केला नाही. जिन्यापर्यंत आल्या, कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मी दोन पायऱ्या उतरले तेव्हा मागून म्हणाल्या, “पोचलीस की कळव.” मी मागे न बघता मान हलवली.

टेंभुर्णीच्या स्टँडवर बस थांबली. लोक चहाला उतरले. मी जागेवरच बसून फोनवर ती साइट उघडली आणि बोलपाटीच्या माणसांच्या यादीतून निखिलेश करंडे हे नाव काढून टाकलं. साइटनं विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. यादीत एकच नाव उरलं. मग मी खिडकीकडे तोंड करून पुण्यापर्यंत रडत आले. शेजारच्या बाईंनी मला एक लिमलेटची गोळी दिली, काही विचारलं नाही.

घरी आले ती तशीच आडवी झाले.

सकाळी फिरदोसला फोन केला. “दोघं बघत नव्हते,” मी म्हटलं. “दीड वर्ष मी एकटीच होते. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, मी त्याच्यावर ठेवला, आणि तिथं कुणी नव्हतं.” मग सगळी हकीगत सांगितली. चटणीसकट.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अगं वेडे, मग मला विचारायचं ना. मी आहे की दुसरा माणूस. माझ्याकडे पाहिजे तेवढे फुटके फोन आहेत. पण मी नुसतं बटण नाही दाबणार. आधी गवळीकाका लाल ओळ दाबून बघतील. त्यांनी मान हलवली तर मी हो म्हणेन.”

“ते बघतील?”

“बघतील की. कालपासून मागेच लागलेत. तुझी पाटी परत पाहिजे म्हणतायत. म्हणजे बोटानं दाखवतायत, म्हणणार कसे?”

जीव भांड्यात पडला. मी लगेच फिरदोसचं नाव घालायला साइट उघडली. तेव्हा दिसलं, की तक्रारींच्या पानावर एक नवी तक्रार आलीय. हे पान सगळ्या जगाला खुलं. बाहेरच्या कुणाला काही बिघडलेलं दिसलं तर त्यानं तिथं लिहायचं. त्यासाठी मीच प्रश्न ठरवून दिलेत, म्हणजे लोक नुसतं ‘चालत नाही’ एवढं लिहून मोकळे होत नाहीत. तक्रार निखिलेश करंडे या नावानं आली होती. माझ्या यादीतून काढलेला, आता बाहेरचा झालेला माणूस. आदल्या रात्रीच लिहिलेली.

अडचण काय आहे?
हिरवं बटण दिसत नाही. ते राहू दे. तू पोचलीस का?

काय व्हायला हवं होतं?
पोचल्यावर तू कळवायला हवं होतं.

प्रत्यक्षात काय झालं?
अजून निरोप नाही. मी जागी आहे.

ही अडचण नेहमी येते की कधीतरी?
या घरातून जो जातो तो कळवत नाही. नेहमी.

मी खुर्चीत बसून राहिले. मला स्वतःचा इतका राग आला, आणि त्या बाईची इतकी माया, की दोन्ही एकदम आलं. दीड वर्ष मी एका माणसाची वाट बघत होते आणि तो नव्हता हे खरं. पण मऊ भात खा असं कुणीतरी लिहिलंच होतं ना? ताप होता तेव्हा कुणीतरी विचारलं होतं. ते खोटं नव्हतं. माणूस दुसरं निघालं एवढंच, आणि त्या माणसाच्या घरून मी न जेवता आले होते.

मी खाली लिहिलं, “पोचले काकू. रात्रीच पोचले. कळवायला हवं होतं. तुमच्याकडे जेवायलाही हवं होतं. गवळीकाका बरे आहेत, त्यांना पाटी परत पाहिजे.”

पाच मिनिटांत उत्तर आलं. “बरं झालं. आत्ता काही खाल्लंस का?”

बोलपाटी आता पुष्कळ ठिकाणी वापरतात. नवी माणसं आलीत, नियम तोच आहे. फिरदोस एकदाही न बघता हो म्हणालेली नाही. गवळीकाकांचं बोट तर इतकं कडक तपासतं, की त्यांनी मान आडवी हलवून माझे दोन चांगले बदल परत पाठवलेत. तक्रारी येतात, सुटतात, आम्ही त्या बंद करतो. आमचं पान स्वच्छ असतं, त्याचा मला अभिमान आहे. फक्त तळाशी ती एक जुनी तक्रार उघडी आहे, आणि तिच्याखाली इतकं लिहिलं गेलंय की शेवटापर्यंत जायला बोट दुखतं. कूट, ताप, पाहुणे, लाइट गेली, निखिलेशचा फोन आला, निखिलेशचा फोन नाही आला. बार्शीला मी त्यानंतर दोनदाच जाऊ शकले. काकू पुण्याला यायला तयार नाहीत, घर कुणी बघायचं म्हणतात.

मागच्या महिन्यात कामात नव्यानं आलेल्या एका बाईंनी विचारलं, “ताई, यादी साफ करतेय. ही पोचलीस का वाली फार जुनी दिसतेय. बंद करू का?”

मी लिहिलं, “राहू दे. ती अजून सुटलेली नाही.”